बोदेले खळगा

बोदेले खळगा : आफ्रिकेतील चाड देशाच्या उत्तर भागातला सखल वाळवंटी प्रदेश. चाड सरोवराच्या ईशान्येस, सु. १७° उ. अक्षांश व १८° पू. रेखांश यांच्या आसपास तो पसरला आहे. त्याचा सर्वांत खोल भाग समुद्रसपाटीपासून सु. १६० मी. उंचीवर, म्हणजे चाड सरोवराच्या आजच्या पातळीहून शंभर मीटरांपेक्षा अधिक खाली आहे. खनिज धूळ वातावरणात सोडणारे जगातील सर्वांत मोठे एकल उगमस्थान म्हणून तो ओळखला जातो.

नाख्टिगाल हा जर्मन प्रवासी १८७१ मध्ये जवळच्या बोर्कू प्रदेशात पोहोचला होता. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तिलो या फ्रेंच अधिकाऱ्याने या भागाची पद्धतशीर पाहणी केली. खळग्याचा तळ एका नाहीशा झालेल्या सरोवराचा आहे. ‘महाचाड’ या नावाने अभ्यासक ज्याचा उल्लेख करतात, त्या सरोवराने ऐन भरात सु. ३.५ लाख चौ. किमी. म्हणजे आजच्या महाराष्ट्राहून मोठे क्षेत्र व्यापले होते. त्याचे सर्वांत खोल पाणी बोदेलेत होते. तेथे वाढलेल्या डायाटम या एकपेशीय शैवलांची सिलिकायुक्त कवचे तळाशी साचत गेली आणि पाणी आटल्यावर त्यांचेच पांढरट थर उघडे पडले. ही डायाटमी माती अतिशय हलकी, सच्छिद्र व ठिसूळ असते.

सरोवर केव्हा आटले याबद्दल एकमत नाही. सहारातील आर्द्र काळ सु. ५,५०० वर्षांपूर्वी एकाएकी संपला, असे द मेनोकाल व सहकाऱ्यांनी मॉरिटेनियाच्या किनाऱ्यालगतच्या सागरी गाळावरून २००० मध्ये मांडले. उलट क्रपेलिन व सहकाऱ्यांना उत्तर चाडमधील योआ सरोवराच्या गाळात हा बदल सावकाश झालेला दिसला (२००८). वाळूच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश केव्हा पडला हे सांगणारी प्रकाशदीप्ती कालमापन पद्धत वापरून आर्मिटेज, ब्रिस्टो व ड्रेक यांनी २०१५ मध्ये महाचाडच्या जुन्या किनाऱ्यांचे वय काढले. त्यांच्या मते सरोवराची पातळी सु. ५,००० वर्षांपूर्वी झपाट्याने खाली गेली, पण बोदेलेतले पाणी पुरते आटायला सु. १,००० वर्षांपूर्वीपर्यंतचा काळ गेला. पुढील चर्चेच्या दृष्टीने यातला दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा आहे.

खळग्याच्या उत्तरेस तिबेस्ती व पूर्वेस एन्नेदी हे डोंगराळ प्रदेश आहेत. हिवाळ्यात ईशान्येकडून येणारा हरमाटन वारा या दोहोंमधल्या खिंडारातून जाताना आवळला जातो आणि त्याचा वेग वाढतो. वॉशिंग्टन, टॉड व सहकाऱ्यांनी २००५ च्या फेब्रुवारी–मार्चमध्ये प्रत्यक्ष जागेवर मोजमापे घेतली. रात्री जमिनीपासून काहीशे मीटर उंचीवर वाऱ्याचा वेगवान झोत तयार होतो. सूर्य वर आल्यावर जमिनीलगतची हवा तापून घुसळली जाते, झोताचा जोर खाली उतरतो आणि सकाळच्या प्रहरीच धूळ उठते. धूळ नेमकी कशी सुटते याची दोन स्पष्टीकरणे आहेत. एकानुसार चंद्रकोरीच्या आकाराच्या वाळूच्या टेकड्या सरकत येतात आणि उड्या मारणारे वालुकाकण डायाटमी थर फोडतात. दुसऱ्यानुसार त्या थरांचे कपचेच वाऱ्याने उडतात, जमिनीवर व एकमेकांवर आपटतात आणि त्यांचे पीठ होते (वॉरन व सहकारी, २००७). डायाटमी मातीचा हलकेपणा पाहता दुसऱ्या प्रक्रियेचा वाटा मोठा असावा. मात्र वाळू अजिबात नसती तर हे थर इतक्या वेगाने झिजले असते का, हा प्रश्न उरतोच.

आफ्रिकेची धूळ अटलांटिकवर जाते हे बोदेलेचे महत्त्व कळण्याच्या कितीतरी आधी ठाऊक होते. वाद होता तो उगमाचा. ‘बीगल’ जहाज जानेवारी १८३२ मध्ये केप व्हर्ड बेटांवर प्राया येथे थांबले असता चार्ल्स डार्विन यांनी तपकिरी बारीक धूळ गोळा केली. त्यांनी पाठवलेल्या पाच पुड्यांत बर्लिनचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एरेनबेर्ख यांना ६७ प्रकारची सेंद्रिय रूपे आढळली. दोन सागरी जाती वगळता त्यांतले सूक्ष्मजीव गोड्या पाण्यातले होते. खास आफ्रिकी म्हणून त्यांच्या ओळखीची एकही जाती मात्र त्यांत नव्हती आणि दोन तर केवळ दक्षिण अमेरिकेत राहणाऱ्या म्हणून त्यांना माहीत होत्या. डार्विन यांनी वाऱ्याची दिशा आणि धूळ पडण्याचे महिने यांवर भर देऊन आफ्रिकेचाच उगम मानला. तोच पुढे ग्राह्य ठरला. आफ्रिकेतील सूक्ष्मजीवांची तेव्हाची माहितीच अपुरी होती, असा एरेनबेर्ख यांच्या अडचणीचा उलगडा करता येतो. ती धूळ बोदेलेचीच होती असे मात्र म्हणता येत नाही.

प्रोस्पेरो यांनी १९६५ पासून बार्बाडोस येथे धुळीची सलग मोजमापे सुरू केली. पुढे त्यांनी व सहकाऱ्यांनी उपग्रहांच्या नोंदींवरून जगातील धुळीच्या उगमांचा नकाशा मांडला (२००२), त्यात बोदेले ठळकपणे पुढे आले. सहाराची धूळ ॲमेझॉनच्या जंगलास फॉस्फरस पुरवते, ही कल्पना स्वॉप व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडली होती. ॲमेझॉनला मिळणाऱ्या धुळीपैकी निम्म्याहून अधिक एकट्या बोदेलेतून येते, असा अंदाज कोरेन व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दिला आणि हे विधान सर्वत्र पसरले. होंगबिन यू व सहकाऱ्यांनी २००७ ते २०१३ या काळातील उपग्रहीय लेसर नोंदींवरून ॲमेझॉन खोऱ्यात वर्षाला सरासरी २.७७ कोटी टन धूळ पडत असल्याचे काढले. तिच्यातील फॉस्फरस सु. २२,००० टन, म्हणजे पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाणाऱ्या फॉस्फरसाच्या जवळपास तेवढाच. हा आकडा वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. धुळीचे वस्तुमान उपग्रहावरून आले असले, तरी दशलक्ष भागांत ७८० भाग हे फॉस्फरसाचे प्रमाण बोदेलेच्या मातीच्या नमुन्यांवरून घेतलेले आहे. धूळ दुसरीकडची असेल तर हिशेबही बदलतो.

तसा तो बदलू लागला आहे. फ्रेंच गियानात केयेनजवळ घेतलेल्या नमुन्यांवरून बार्कली व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवले, की आफ्रिकेतील वणव्यांच्या धुरातून येणारी वायुकलिले (हवेत तरंगणारे सूक्ष्म कण) फॉस्फरसाचा मोठा स्रोत आहेत. यान यू व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये बोदेलेस मुख्य पुरवठादार मानणेच नाकारले आणि मॉरिटेनिया–माली सीमेवरील एल जूफ या वाळवंटी प्रदेशाकडे बोट दाखवले. बोदेलेची बरीचशी धूळ वाटेतच पावसाने धुतली जाते, असे त्यांचे म्हणणे आहे. बोदेले १,००० वर्षांपूर्वीपर्यंत पाण्याखाली होते हे मान्य केल्यास त्याची धूळ ॲमेझॉनची जुनी पोशिंदी ठरत नाही. आर्मिटेज यांनीही ॲमेझॉनला पोसण्याचे हे कार्य एकतर अतिरंजित किंवा भूवैज्ञानिक दृष्ट्या अगदी अलीकडचे असावे असे म्हटले आहे. उपलब्ध पुरावा पाहता हेच मत अधिक सयुक्तिक वाटते. बोदेलेतून उडणाऱ्या धुळीचे प्रचंड प्रमाण मात्र वादातीत आहे.

खळग्यात कायम वस्ती जवळपास नाही. फाया हे नजीकचे मरूद्यान-नगर. लगतच्या जुराब वाळवंटात वाऱ्याने उघड्या पडलेल्या थरांत महत्त्वाचे जीवाश्म मिळाले असून त्यांत २००१ मध्ये सापडलेली ‘तुमाई’ ही मानवसदृश प्राण्याची कवटी प्रमुख आहे. तिचे वय सु. ७० लाख वर्षे मानतात. ती थरात रुतलेली नसून सुट्या वाळूवर पडलेली होती, म्हणून या वयाबद्दल काहींनी शंका घेतली आहे.