पाचशे मैलांच्या आत

नोव्हेंबरच्या मध्यावर एक रविवार असा येतो, की ओहायो, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनियातल्या छोट्या गावांतली काही माणसे नकाशा उघडून बसतात. त्यांच्या कॉलेजचा फुटबॉल संघ प्लेऑफमध्ये पोहोचलेला असतो, निदान पोहोचेल अशी आशा असते. पहिला सामना कोणाशी पडेल याचा अंदाज बांधायचा असतो. त्यासाठी समोरचा क्वार्टरबॅक किती चांगला आहे हे कोणी आधी पाहत नाही. आधी मोजायचे ते दोन कॉलेजांमधले रस्त्याचे अंतर. ५०० मैलांच्या आत असेल तर पाहुणा संघ बसने येतो. त्यापुढे गेले की विमान, आणि विमानाचे पैसे स्पर्धा भरवणाऱ्या एनसीएएला, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेला, मोजावे लागतात. त्यामुळे ड्रॉ काढणाऱ्यांचा हात विमाने वाचवण्याकडे वळतो, हे चाहत्यांना वर्षानुवर्षांच्या अनुभवाने पाठ झाले आहे.

फुटबॉल म्हणजे इथे हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडूने खेळायचा अमेरिकन फुटबॉल. आणि प्लेऑफ म्हणजे टीव्हीवर दिसणारे, लाखभर प्रेक्षकांच्या स्टेडियममधले कॉलेज फुटबॉल नव्हे. हा डिव्हिजन थ्रीचा, चाहत्यांच्या भाषेत ‘डी-थ्री’चा मामला आहे. फुटबॉल खेळणारी सुमारे २४० कॉलेजे, आणि त्यातल्या एकानेही खेळाडूला खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही, हा मूळ नियम. घरची परिस्थिती किंवा मार्क पाहून इतर विद्यार्थ्यांना जी मदत मिळते तीच त्यालाही मिळते. चांगला टॅकल करतो म्हणून एक डॉलरही जास्त नाही. उरलेली फी घरचे भरतात. शनिवारी खेळायचे आणि सोमवारी सकाळी केमिस्ट्रीच्या लॅबला हजर व्हायचे.

छोटी कॉलेजे पहिल्यापासून अशी कोपऱ्यात नव्हती. १९२१ साली केंटकीतल्या डॅनव्हिलच्या सेंटर कॉलेजने हार्वर्डला ६–० असे हरवले होते, आणि त्या काळचा तो मोठाच धक्का होता. आज सेंटर डी-थ्रीमध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर दरी रुंदावत गेली. १९५६ मध्ये एनसीएएने खेळाच्या शिष्यवृत्तीला उघड मान्यता दिली. त्याच सुमारास सभासदांचे ‘युनिव्हर्सिटी’ आणि ‘कॉलेज’ असे दोन गट पडले. कॉलेज गटाला फुटबॉलची राष्ट्रीय स्पर्धाच नव्हती. वर्षाअखेरीस विभागवार एकेक सामना व्हायचा, आणि देशात पहिले कोण, हे पत्रकारांची आणि प्रशिक्षकांची मते ठरवायची.

ऑगस्ट १९७३ मध्ये एनसीएएच्या विशेष अधिवेशनात सध्याचे तीन विभाग झाले. वाद मैदानावरचा कमी आणि तिजोरीचा जास्त होता. ज्यांना शिष्यवृत्त्या वाटायच्या होत्या आणि परवडत होत्या ते पहिल्या विभागात, मर्यादेत वाटणारे दुसऱ्यात, अजिबात न वाटणारे तिसऱ्यात. त्याच हिवाळ्यात डी-थ्रीची पहिली प्लेऑफ झाली. चार संघ, दोन उपान्त्य सामने आणि एक अंतिम. अलाबामातल्या फिनिक्स सिटीत ओहायोच्या विटेनबर्गने पेनसिल्व्हेनियाच्या ज्युनियाटाला ४१–० असे धुतले. दोन्ही संघ उत्तरेचे, सामना दक्षिणेत. गावकऱ्यांना दोघांपैकी कोणाशीच देणेघेणे नसावे, तरी फिनिक्स सिटीने हा सामना पुढे बरीच वर्षे सांभाळला.

अंतिम सामन्याचे नाव स्टॅग बोल. ते ज्याच्यावरून पडले त्या एमॉस अलोन्झो स्टॅग यांच्यापाशी थोडे थांबायला हवे. १८९२ ते १९३२ अशी चार दशके त्यांनी युनिव्हर्सिटी ऑफ शिकागोचा संघ घडवला, आणि तेव्हा शिकागो ही बलाढ्य शक्ती होती. वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणारी हाइसमन ट्रॉफी, तीही पहिलीच, १९३५ मध्ये शिकागोच्याच जे बरवँगरने मिळवली. चार वर्षांनी, १९३९ मध्ये, विद्यापीठाने फुटबॉल अभ्यासाच्या आड येतो म्हणून बंदच करून टाकला. स्टॅग फील्डची प्रेक्षागॅलरी ओस पडली, आणि तिच्याखालच्या जागेत २ डिसेंबर १९४२ रोजी एनरिको फर्मी आणि सहकाऱ्यांनी जगातली पहिली नियंत्रित अणु-साखळी प्रक्रिया घडवून आणली. फुटबॉल बंद केल्याचा एवढा मोठा उपयोग दुसऱ्या कोणा विद्यापीठाला झालेला नाही. स्टॅग स्वतः नव्वदीला टेकेपर्यंत पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना या छोट्या कॉलेजात मुलाबरोबर प्रशिक्षण देत राहिले आणि १०२ वर्षे जगले. शिकागोने १९६९ मध्ये फुटबॉल पुन्हा सुरू केला. आज तो संघ डी-थ्रीतच खेळतो.

प्लेऑफ हळूहळू फुगत गेली: १९७५ मध्ये आठ संघ, १९८५ मध्ये सोळा. इलिनॉयच्या ऑगस्टाना कॉलेजने १९८३ ते १९८६ सलग चार विजेतेपदे घेतली. प्रशिक्षक बॉब रीड यांचा तो संघ ६० सामने अपराजित राहिला. तेव्हा डी-थ्रीत काही अवघडलेले पाहुणेही होते. डेटन विद्यापीठ बास्केटबॉल पहिल्या विभागात खेळायचे आणि फुटबॉल तिसऱ्यात. १९८० च्या अंतिम सामन्यात त्यांनी इथाका कॉलेजला ६३–० हरवले, १९८९ मध्ये पुन्हा जिंकले. बाकीच्यांची कुरकुर वाढत गेली आणि शेवटी नियमच झाला: पहिल्या विभागात असाल तर १९९३ पासून फुटबॉलही तिथेच खेळा. डेटनला जावे लागले.

चाहत्यांच्या दृष्टीने खरा बदल १९९९ चा. तोपर्यंत देशाच्या चार भौगोलिक भागांतून चार-चार संघ समिती निवडायची, आणि आपली लीग जिंकूनही घरी बसायची वेळ संघांवर यायची. १९९९ मध्ये संघ २८ झाले आणि पात्र लीगच्या विजेत्याला थेट प्रवेश मिळाला. या जागांना ‘पूल ए’ म्हणतात. लीग न जिंकलेल्या चांगल्या संघांसाठी ज्या मोजक्या जागा उरतात त्या ‘पूल सी’. नोव्हेंबरातली भांडणे प्रामुख्याने या पूल सीवरून होतात: एकच सामना हरलेला आमचा संघ बाहेर आणि दुबळ्या लीगचा, तीन सामने हरलेला विजेता आत? २००५ मध्ये संघ ३२ झाले, तरी भांडण संपले नाही.

आता पैशाकडे. एनसीएएच्या उत्पन्नाचा मोठा भाग पहिल्या विभागाच्या बास्केटबॉल स्पर्धेच्या टीव्ही हक्कांतून येतो. १९९० च्या दशकातल्या फेररचनेत त्यातले ३.१८ टक्के डी-थ्रीला देण्याचे ठरले. सदस्यसंख्येने सर्वांत मोठा विभाग, वाटा मात्र सव्वातीन टक्क्यांच्याही आत, आणि त्यात सगळ्या खेळांच्या सगळ्या राष्ट्रीय स्पर्धा बसवायच्या. ५०० मैलांचे गणित इथून निघते. पूर्वेला आणि मध्यपश्चिमेला कॉलेजांची दाटी असल्याने तिथे ते सहज जमते. टेक्सासमध्ये नाही. मेरी हार्डिन-बेलर आणि हार्डिन-सिमन्स हे तिथले दोन तगडे शेजारी एकाहून अधिक वेळा सुरुवातीच्या फेरीतच एकमेकांसमोर आले, कारण बसने पोहोचण्यासारखे दुसरे कोणी नव्हते. हंगामात एकदा भिडलेले संघ पुन्हा भिडायचे आणि एक घरी जायचा. समतेसाठी काढलेल्या विभागात नशिबाचा मोठा वाटा भूगोलाच्या हाती राहिला तो असा.

आणि समता तरी कुठे आली? शिष्यवृत्ती नाही म्हटल्यावर कोणी एक डोईजड होणार नाही, असे १९७३ मध्ये वाटले असेल. पण ओहायोतल्या अलायन्स या वीस-बावीस हजार वस्तीच्या गावातल्या माउंट युनियनने तो समज धुळीला मिळवला. प्रशिक्षक लॅरी केरस यांनी १९८६ ते २०१२ या काळात ३३२ सामने जिंकले, २४ हरले, तीन बरोबरीत सुटले, आणि ११ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. सलग ५४ विजयांची मालिका १९९९ च्या उपान्त्य सामन्यात रोवन विद्यापीठाने तोडली, तर लगेच सलग ५५ ची दुसरी उभी राहिली. केरस यांचे चिरंजीव व्हिन्स यांनी २०१५ आणि २०१७ मध्ये आणखी दोन विजेतेपदे जोडली. फिलाडेल्फिया ईगल्सला फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना, जिंकून देणारे प्रशिक्षक निक सिरियानी हे याच संघाचे जुने रिसीव्हर.

५५ ची ती मालिका २००३ च्या स्टॅग बोलमध्ये मिनेसोटाच्या सेंट जॉन्सने २४–६ अशी संपवली. जॉन गॅग्लियार्डी हे त्यांचे प्रशिक्षक. सरावात टॅकल करायचे नाही, शिट्टी वाजवायची नाही, आणि मला कोच म्हणायचे नाही, जॉन म्हणायचे, ही त्यांची शिस्त. साठाहून जास्त वर्षांच्या कारकिर्दीत ४८९ विजय, कॉलेज फुटबॉलमधल्या कोणत्याही प्रशिक्षकापेक्षा जास्त. त्या अंतिम सामन्यात माउंट युनियनचा पास अडवून सेंट जॉन्सच्या खेळाडूने १०० यार्ड धाव घेतली, तो क्षण ‘जॉनीज’, म्हणजे सेंट जॉन्सची मंडळी, अजून विसरलेले नाहीत.

नंतर आला जांभळा काळ. माउंट युनियन जांभळे, आणि विस्कॉन्सिनचे व्हाइटवॉटरही जांभळे. २००५ ते २०११ सलग सात वर्षे अंतिम सामना याच दोघांत झाला, मग २०१३ आणि २०१४ मध्येही. प्रशिक्षक लान्स लाइपोल्ड यांच्या आठ वर्षांत व्हाइटवॉटर १०९ जिंकले, सहा हरले आणि सहा विजेतेपदे घेऊन गेले. बाकीच्यांनी या दोघांना ‘पर्पल पॉवर्स’ म्हणायला सुरुवात केली. त्यात कौतुक किती आणि वैताग किती हे बोलणाऱ्याच्या कॉलेजवर अवलंबून. व्हाइटवॉटर हे दहा हजारांवर विद्यार्थ्यांचे सरकारी विद्यापीठ, राज्यातल्या मुलांना फी कमी. हजार-दीड हजार विद्यार्थ्यांच्या खासगी कॉलेजांनी त्यावर बोट ठेवले. मला तो युक्तिवाद अर्धाच पटतो. माउंट युनियन स्वतः छोटे आणि खासगीच होते.

या सगळ्या काळाचे गाव म्हणजे व्हर्जिनियातले सेलम. ब्लू रिज डोंगरांच्या कुशीतल्या या गावात १९९३ ते २०१७ पंचवीस वर्षे स्टॅग बोल झाला आणि त्यातल्या वीस सामन्यांत माउंट युनियन होते. अलायन्सहून गाडीने सहाएक तास. डिसेंबरच्या थंडीत पार्किंगमध्ये शेगड्या पेटायच्या, सॉसेज आणि मिरमिरीत चिलीची पातेली उघडायची, आणि दरवर्षीची तीच कुटुंबे त्याच कोपऱ्यात भेटायची. विजेत्याला मिळते ती अक्रोडाच्या लाकडाची आणि ब्राँझची ट्रॉफी. चाहते विजेतेपदालाच ‘वॉलनट अँड ब्रॉन्झ’ म्हणतात.

हा चाहता कोण, हेही पाहण्यासारखे आहे. प्लेऑफच्या पहिल्या फेऱ्या थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या, सुट्टीच्या आसपास पडतात. वसतिगृहे रिकामी, विद्यार्थी घरी. म्हणजे हंगामातल्या सगळ्यांत मोठ्या सामन्याला स्वतःच्याच कॉलेजची पोरे गायब. उरतात ते खेळाडूंचे आईवडील, वीस-तीस वर्षांपूर्वीचे माजी विद्यार्थी आणि गावातली म्हातारी मंडळी. स्टार खेळाडूची आई तुमच्या पुढच्याच बाकावर बसलेली असते, त्यामुळे शिवीगाळही बेताने होते.

गर्दी जमतच नाही असे मात्र नाही. २०१७ मध्ये सेंट जॉन्स आणि सेंट थॉमस यांच्या नेहमीच्या हंगामातल्या सामन्याला मिनिॲपोलिसच्या बेसबॉल स्टेडियमवर ३७,३५५ लोक आले, आणि डी-थ्रीचा तो विक्रम ठरला. दोनच वर्षांनी सेंट थॉमस फार सरस ठरतो या कारणाने त्याच्या लीगने त्याला बाहेर काढले. तो २०२१ मध्ये थेट पहिल्या विभागात गेला. शंभर वर्षांहून जुनी चुरस अशी कागदावर संपली.

पैशाबद्दलचा सोवळेपणा किती कडक, याचे उदाहरण मेरी हार्डिन-बेलरचे. २०१६ चा स्टॅग बोल त्यांनी १०–७ असा जिंकला होता. मुख्य प्रशिक्षकांनी आपली जुनी सुबारू गाडी एका खेळाडूला दीड वर्ष वापरायला दिली होती, हे पुढे उघड झाले आणि एनसीएएने ते विजेतेपद रद्द केले. वरच्या विभागात आज खेळाडू जाहिरातींतून लाखो डॉलर मिळवतात. इथे एका जुन्या गाडीवर विजेतेपद गेले. संघाने २०१८ आणि २०२१ मध्ये पुन्हा जिंकून दाखवले.

गेल्या काही वर्षांत केंद्र थोडे सरकले आहे. कोविडमुळे २०२० ची प्लेऑफ झालीच नाही. शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या नॉर्थ सेंट्रलने २०१९, २०२२ आणि २०२४ ची विजेतेपदे घेतली. या उपनगरात भारतीय, त्यात मराठीही, कुटुंबे बरीच आहेत आणि कॉलेज अगदी गावाच्या मध्यात आहे. २०२३ मध्ये सेलमला परतलेल्या स्टॅग बोलमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कोर्टलँडने त्यांना ३८–३७ असे अडवले. शेवटी नॉर्थ सेंट्रलने टचडाउन केला. एका गुणाची किक मारून बरोबरी साधता आली असती, पण त्यांनी दोन गुणांचा डाव टाकला आणि तो फसला.

२०२४ पासून संघ ४० झाले: वरच्या २४ संघांना पहिली फेरी माफ. निवडीतला समितीचा कौल जाऊन एनपीआय नावाचा आकडेमोडीचा निर्देशांक आला. समितीला नावे ठेवणारे आता सूत्राला नावे ठेवतात. वाढीव फेरीमुळे अंतिम सामना पहिल्यांदाच जानेवारीत गेला. ५ जानेवारी २०२५ रोजी ह्यूस्टनच्या सॉकर स्टेडियमवर नॉर्थ सेंट्रलने माउंट युनियनला ४१–२५ असे हरवले. अलायन्सहून ह्यूस्टन बाराशे मैलांहून लांब. खेळाडूंसाठी एनसीएएने विमान केले. सेलमच्या पार्किंगमध्ये शेगड्या पेटवणाऱ्यांनी आपापले पाहिले.