नुकसानीचा पंचनामा (सोलापूर जिल्हा)

अतिवृष्टी, पूर, गारपीट, अवकाळी असलं काही झालं की तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक असे तिघं मिळून शेत, घर, गोठा बघतात, काय काय गेलं ते लिहून काढतात आणि गावातल्या पंचांच्या सह्या घेतात, त्या कागदाला नुकसानीचा पंचनामा म्हणतात. सरकारची मदत म्हणजे पॅकेज, जीआर, मंत्र्यांचा दौरा असं टीव्हीवर दिसतं खरं, पण खात्यात पैसे येणार की नाही आणि किती येणार हे या एका कागदावर ठरतं. नावाप्रमाणं पंच पाच असायला पाहिजेत, प्रत्यक्षात दोन मिळाले तरी गंगेत घोडं न्हालं, कारण पुराच्या दिवसात प्रत्येकाचं स्वतःचंच काहीतरी वाहून गेलेलं असतं. तलाठ्याचं नाव २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी झालंय, ग्रामसेवकाचं ग्रामपंचायत अधिकारी, नंतर कृषी सहायकाचंही सहायक कृषी अधिकारी झालं, पण चावडीवर अजून सगळे 'भाऊसाहेब'च म्हणतात आणि पुढंही म्हणतील.

सोलापूरच का

जिल्हा तसा दुष्काळी. वर्षाला सरासरी साधारण ५०० ते ५५० मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा. तालुके अकरा आणि प्रत्येकाचं रडणं वेगळं, सांगोला मंगळवेढ्याकडं टँकर आणि चारा छावण्या (२०१९ च्या उन्हाळ्यातल्या छावण्या लोकांच्या चांगल्या लक्षात आहेत), तर माढा, मोहोळ, पंढरपूर, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट इकडं नदीकाठी पुराची भीती. एकाच जिल्ह्यात एकाच वर्षी आधी दुष्काळाची मागणी आणि नंतर ओल्या दुष्काळाची मागणी होते, बाहेरच्या माणसाला हे खोटं वाटतं.

हा जिल्हा मुळात रब्बीचा, म्हणजे ज्वारीचा. त्यामुळं उत्तरा आणि हस्ताच्या पावसाकडं सगळ्यांचे डोळे लागलेले असतात, तो पडला नाही तर ज्वारी नाही आणि कडबाही नाही. पण हाच परतीचा पाऊस कधी कधी असा कोसळतो की उभा उडीद, सोयाबीन, कांदा, डाळिंब घेऊन जातो. २०२० मध्ये १४ ऑक्टोबरला असंच झालं, पंढरपुरात चंद्रभागेच्या कुंभार घाटाजवळ भिंत कोसळून सहा जण गेले. त्यानंतर तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे अक्कलकोट भागात येऊन गेले आणि २३ ऑक्टोबरला १०,००० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, पिकांना हेक्टरी १०,००० आणि फळबागांना २५,०००, दोन हेक्टरपर्यंत.

२०२५ च्या सप्टेंबरात सीनेनं त्याच्यावर कडी केली. सीना येते अहिल्यानगरकडून, वाटेत धाराशिव बाजूचं पाणी घेते आणि हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते (शके ९४० चा मराठी शिलालेख आहे तेच गाव). वरच्या जिल्ह्यांत ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापुरातली काठाची गावं पाण्यात गेली. लांबोटीजवळ पाणी आल्यानं पुण्याचा हायवे थांबवायला लागला, चिवड्यासाठी गाड्या थांबतात तेच लांबोटी. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस माढा तालुक्यात पाहणीला आले आणि ७ ऑक्टोबरला राज्यासाठी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं.

पंचनाम्यात बसणं आणि न बसणं

पहिली अट पावसाची. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. हे मोजायचं पर्जन्यमापक मंडळाला एक, आणि मंडळात गावं दहा-पंधरा, त्यामुळं यंत्राच्या गावात ५८ आणि आठ किलोमीटरवर ढग फुटलेला, असं झालं की माणसं तहसीलला जाऊन भांडतात. नदीचा पूर असेल तर या आकड्यावर अडत नाही, पाणी शेतात शिरल्याचं दिसतं की. २०२५ ला सीनाकाठच्या काही जणांचं नशीब इतकंच की पाणी कुठून आलं हे कुणाला सांगायला लागलं नाही.

दुसरी अट ३३ टक्क्यांची. पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा त्याच्या वर पाहिजे, ३० टक्के असलं तर राम राम. आता उभ्या शेतात ३० आणि ३५ मधला फरक डोळ्यांनी कसा कळायचा हे कुणी सांगत नाही, त्यामुळं इथं सगळं बघणाऱ्याच्या मनावर असतं. ऊस तर फारच फसवा, पाण्यात आठ दिवस उभा राहतो, हिरवा दिसतो, पंचनामा करणारा म्हणतो 'याला काय झालंय', आणि महिन्याभरानं मुळं कुजून वरनं वाळत येतो. तोवर यादी गेलेली असते.

मी स्वतः एका पंचनाम्याला पंच म्हणून उभा होतो. गुडघाभर चिखल, वाफसा (माती कामाजोगी सुकणं) यायला अजून पंधरा दिवस, तलाठी पँट वर खोचून बांधावर उभा आणि मोबाइल वर धरून रेंज शोधतोय, कारण फोटोत लोकेशन आलं पाहिजे. फोटोत शेतकरीही आला पाहिजे. म्हातारा टोपी नीट करून उभा राहिला, मागं काहीच नाही, नुसता गाळ, आणि फोटो निघाल्यावर विचारतो, 'भाऊसाहेब, यात तूर दिसती का?' तूर होती पण ती गाळाखाली होती. मग विषय ई-पीक पाहणीवर गेला. २०२१ पासून शेतकऱ्यानं आपलं पीक आपणच ॲपवर नोंदवायचं आहे, ते नोंदवलं नसलं तर सातबाऱ्यावर पीक नाही, आणि सातबाऱ्यावर पीक नाही तर गाळाखाली काय होतं हे सिद्ध करायचं कसं. म्हाताऱ्याच्या नातवानं नोंद केलेली होती म्हणून निभावलं.

दर

मदतीचा पाया राज्य आपत्ती प्रतिसाद निधी, म्हणजे एसडीआरएफ. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातला हा निधी, महाराष्ट्रात त्यात केंद्राचे ७५ टक्के आणि राज्याचे २५. २०२५ ला त्याचे दर असे होते की जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक म्हणजे फळबागा वगैरेंना २२,५००, दोन हेक्टरपर्यंत. जमीन खरडून गेली तर हेक्टरी ४७,०००, गाळ काढायला १८,०००, दुभतं जनावर गेलं तर ३७,५००, माणूस गेला तर वारसाला ४ लाख.

राज्य याच्यावर आपल्या तिजोरीतून भर घालतं आणि कधी काढूनही घेतं. २०२४ च्या सुरुवातीला जिरायतीचा दर १३,६०० आणि मर्यादा तीन हेक्टर केली, मे २०२५ मध्ये परत ८,५०० आणि दोन हेक्टरवर आणली, आणि चार महिन्यांनी पूर आला. मग पॅकेजमध्ये पुन्हा तीन हेक्टर झाले, रब्बीच्या बी-बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० जास्तीचे, म्हणजे जिरायतीला १८,५००, बागायतीला २७,०००, फळबागेला ३२,५००. गाळानं बुजलेल्या विहिरीला ३०,०००. खरडलेल्या जमिनीला ४७,००० रोख आणि शिवाय मनरेगातून ३ लाखांपर्यंतची कामं.

हेक्टरचा हिशोब ऐकायला मोठा वाटतो म्हणून गुंठ्यात करून बघा. दीड एकर म्हणजे ६० गुंठे, साधारण ६१ आर (शंभर आर म्हणजे एक हेक्टर). जिरायतीच्या मूळ दरानं ५,१८५ रुपये, बियाण्याचे धरून ११,२८५. खत, फवारणी, मजुरी, नांगरट एवढं धरलं तर यात शेत परत उभं राहत नाही, पण दिवाळीच्या तोंडावर हातात पडले तर पेरणी चुकत नाही, आणि आमच्याकडं ज्वारीची पेरणी चुकली की माणसाचं आणि जनावराचं दोघांचं वर्ष जातं. म्हणून दरापेक्षा तारखेवर जास्त बोललं पाहिजे असं माझं मत आहे, पुढारी मात्र कायम दरावरच भांडतात.

खरडलेल्या जमिनीचं तर वेगळंच. वरची काळी माती गेली, खाली मुरूम उघडा पडला, त्यावर परत माती टाकायची म्हणजे कुठून तरी तलावातला गाळ आणायचा, डंपर, जेसीबी, डिझेल. गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ पासून आहे, तलावही मोकळा होतो आणि शेतालाही माती मिळते. पण तलाव भरलेला असताना गाळ काढता येत नाही, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत थांबा. मनरेगाचं तर काम मंजूर, मजूर, मस्टर (हजेरीपट), मोजमाप असं असतं, लाख म्हटले की लोकांना रोख वाटते आणि मग गैरसमज होतो.

यादी लागल्यावर

पंचनामे झाले, तहसीलला गेले, तिथनं जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त, मंत्रालय, मग निधीचा जीआर, मग याद्या. प्रत्येक शेतकऱ्याला एक विशिष्ट क्रमांक पडतो, तो घेऊन सेवा केंद्रात अंगठा द्यायचा, ई-केवायसी झाली की पैसे आधार लिंक असलेल्या खात्यात. २०२५ ला ॲग्रिस्टॅकचा (शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंदणीचा) फार्मर आयडी असलेल्यांची ही केवायसी माफ केली, बरं झालं, नाहीतर उसाच्या फडात कोयता चालवून ज्यांची बोटं घासलीत त्यांचा अंगठा मशीनला लागतच नाही.

सगळ्यात जास्त अडकतं ते सामाईक खातं, बँकेतलं नव्हे, जमिनीचं. सातबाऱ्यावर वडिलांच्या नावामागं पाच भावंडं, त्यातल्या बहिणी एक पुण्याला, एक कर्नाटकात विजापूरला, सगळ्यांचं संमतीपत्र पाहिजे, नाहीतर रक्कम लटकलेली. वाट्यानं किंवा खंडानं शेती करणाऱ्याचं तर कागदावर नावच नसतं, बी त्याचं, घाम त्याचा, पैसे मालकाच्या खात्यात. मालक चांगला असला तर वाटून देतो.

दुष्काळात हा असा शेतनिहाय पंचनामा नसतो. तिथं पैसेवारी (पीक किती आलं याचा सरकारी अंदाज), पावसाचा खंड, उपग्रहाचे आकडे असं तालुक्याच्या हिशोबानं चालतं, ३१ ऑक्टोबर २०२३ ला राज्यात ४० तालुके दुष्काळी जाहीर झाले त्यात आपले बार्शी, माळशिरस, सांगोला, करमाळा आणि माढा होते. पीक विमा हा परत वेगळा, लोक दोन्हींची गल्लत करतात. खरीप २०२५ पासून एक रुपयातला विमा बंद झाला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर (काही ठरावीक शेतांतलं पीक कापून उतारा मोजतात त्यावर) गेली, त्यामुळं 'नुकसान ७२ तासांत कळवा' म्हणून जी पळापळ व्हायची ती थांबली आणि एकट्याच्या शेताचं नुकसान विम्यात धरणंही थांबलं.

जुनं

सरकारी मदतीची या जिल्ह्यातली सगळ्यात जुनी गोष्ट मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची. दुर्गादेवीच्या दुष्काळात त्यांनी बादशहाची कोठारं लोकांना उघडून दिली आणि विठोबानं विठू महार होऊन दरबारात धान्याची किंमत भरली असं सांगतात. आपत्तीत कोठारावरचा माणूस परवानगीची वाट न बघता कुलूप काढतो ही कल्पना इथं मुरलेली आहे, म्हणून तहसीलदारानं 'वरून आदेश आल्यावर बघू' म्हटलं की म्हातारी माणसं दामाजीपंतांचं नाव काढतात. १९७२ च्या दुष्काळात लोक खडी फोडायला गेले, सुकडी खाल्ली, आणि त्या अनुभवातनं रोजगार हमी कायदा आला जो १९७९ च्या २६ जानेवारीपासून लागू झाला. त्या वेळी पंचनामा नव्हता, कामावर आला त्याचं नाव मस्टरवर चढायचं आणि आठवड्याला पगार.