पार्श्वभूमी: प्रत्यारोपणानंतर फुप्फुसात शिरणारी बुरशी

बोस्टनमध्ये 1954 साली मूत्रपिंडाचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण झालं ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. त्यामुळे प्रतिकारशक्ती दाबण्याची गरजच पडली नाही. पुढच्या दशकात अझाथायोप्रिन आणि स्टेरॉइड ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आली, परक्याचं मूत्रपिंड टिकू लागलं आणि हवेतल्या अ‍ॅस्परजिलस या बुरशीला वाट मोकळी झाली. बुरशीवरचं औषध म्हणून हाताशी होतं अँफोटेरिसिन-बी. नेमकं तेच मूत्रपिंडाला अपायकारक, आणि द्यायचं ते नव्या मूत्रपिंडाच्या रुग्णाला.

मोठा बदल झाला 2002 मध्ये. अ‍ॅस्परजिलसच्या रुग्णांवरच्या चाचणीत वोरिकोनॅझोल हे बुरशीवरचं नवं औषध घेणारे 12 आठवड्यांनी सुमारे 71 टक्के जिवंत होते, अँफोटेरिसिन घेणारे 58 टक्के. मात्र त्यातले बहुतेक रुग्ण रक्ताच्या आजारांचे होते, अवयव बसवलेले थोडेच. हे तेव्हा पुरेसं लक्षात घेतलं गेलं नाही.

त्यातूनच आजचा वाद उभा राहिला: आजार नसताना सगळ्यांनाच हे औषध द्यायचं का? मूत्रपिंडाच्या रुग्णांत ती प्रथा नाही. फुप्फुस बसवलेल्यांचं वेगळं. त्यांचा नवा अवयव प्रत्येक श्वासाला बीजाणू ओढतो आणि श्वासनलिकेच्या जोडावर बुरशी धरते. म्हणून अनेक केंद्रांनी महिनोन् महिने सरसकट वोरिकोनॅझोल दिलं. मग दीर्घकाळ घेणाऱ्यांत त्वचेचा कर्करोग वाढलेला दिसला. औषधातल्या फ्लोराइडमुळे काहींची हाडं दुखू लागली. शिवाय या औषधामुळे टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची रक्तातली पातळी चढते, म्हणून टॅक्रोलिमसचा डोस एक-तृतीयांशावर आणावा लागतो. वोरिकोनॅझोल थांबवताना तो वेळेवर वाढवला नाही, तर शरीर अवयव नाकारू शकतं. सरसकट देण्याच्या बाजूने बोलणारे हा शेवटचा धोका फार हलका धरतात. अँफोटेरिसिन वाफेतून देणं, किंवा दुर्बिणीतून फुप्फुस धुऊन त्या पाण्यात गॅलॅक्टोमॅनन हा बुरशीचा अंश तपासणं आणि पुरावा मिळाल्यावरच गोळी सुरू करणं, हे जास्त सावध वाटतं. अवयव बसवलेल्यांत याच चाचणीचा रक्तातला निकाल मात्र फारसा भरवशाचा नाही.

भारतात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. इथे मधुमेह फार, आणि स्टेरॉइड व टॅक्रोलिमसमुळे प्रत्यारोपणानंतर तो नव्यानेही जडतो. मधुमेहात म्युकर ही दुसरी बुरशी बळावते, आणि म्युकरवर वोरिकोनॅझोल चालत नाही. 2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत हीच म्युकर 'काळी बुरशी' म्हणून घरोघरी कळली, अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनांसाठी नातेवाईक वणवण फिरले. पण ती ओळख नाक, सायनस आणि डोळ्यांपुरती राहिली. मूत्रपिंड बसवलेल्यांच्या फुप्फुसातली म्युकर इथल्या डॉक्टरांना त्याआधीपासून माहीत होती.

एक्स-रेवर डाग दिसला की आपल्याकडे पहिला संशय टीबीचा, आणि तो चुकीचा नाही. पण नमुना न तपासता रिफॅम्पिसिन हे टीबीचं औषध सुरू केलं तर बुरशीवरच्या उपचाराचे दिवस वाया जातात, टॅक्रोलिमसची पातळी घसरते आणि पुढे वोरिकोनॅझोल लागलंच तर तेही रक्तात टिकत नाही.