इनकर्व्ड की रिकर्व्ड? आधी ‘आत’ कुठे ते बघा

गेल्या उन्हाळ्यात कुंडीतल्या मिरचीची शेंड्याकडची पानं आकसायला लागली, मी म्हटलं बोकड्या (पानं आकसण्याचा रोग) आला, आणि फुलकिड्यांचं औषध मारलं, आठवड्याने परत मारलं, काहीच फरक नाही. मग एक पान खुडून नीट हातात धरलं तर कडा वर वळलेल्याच नव्हत्या, खाली वळल्या होत्या.

मिरचीत हा फरक फार महत्त्वाचा आहे. फुलकिडे लागले की कडा वर येतात, पान होडीसारखं दिसतं. कोळी (माइट, जाळं विणणारा नव्हे) लागला की तीच होडी उपडी होते आणि पानाचा देठही लांबतो. कोळी हा कीटक नाहीच, त्याला आठ पाय, त्यामुळे त्याला कोळीनाशक लागतं, आणि ते मी मारलंच नव्हतं. (पांढऱ्या माशीमुळे येणाऱ्या व्हायरसनेही पान वर वळतं, पण त्यात झाड खुजं राहतं आणि पानं बारीक होतात, म्हणून भिंगाने पानाची खालची बाजू बघाच.)

आता मथळ्यातल्या शब्दांकडे. इनकर्व्ड म्हणजे आत वळलेलं, रिकर्व्ड म्हणजे मागे किंवा बाहेर वळलेलं. गोंधळ होतो तो पानाचं ‘आत’ नक्की कुठलं यात. पान अजून कोंबात असतं ना, तेव्हा त्याची वरची बाजू खोडाकडे तोंड करून असते, म्हणून वरची बाजू ती आतली. म्हणजे फुलकिड्यांची होडी इनकर्व्ड, कोळ्याची उपडी होडी रिकर्व्ड. तळ्यात कमळाचं कोवळं पान वर येताना बघा, दोन्ही कडा वरच्या बाजूवर गुंडाळून दोन सुरळ्या शेजारी शेजारी. इतकं पूर्ण गुंडाळलेलं असेल तर त्याला इन्व्होल्यूट म्हणतात. मका आणि ज्वारीही पाण्याचा ताण पडला की भर दुपारी अशीच सुरळी करतात, कारण पानाच्या वरच्या सालीत मोठ्या फुगीर पेशी असतात, त्यांच्यातलं पाणी कमी झालं की ती बाजू आकसते आणि कडा वर येतात. ताण फार नसेल तर संध्याकाळी पान परत उघडतं.

उलटं बघायचं तर पावसाळ्यात कळलावीचं फूल बघा, पाकळ्या पार मागे वळून आभाळाकडे गेलेल्या आणि पुंकेसर खाली मोकळे पसरलेले. हे रिकर्व्ड.

प्राण्यांत मात्र सगळ्यात जास्त फसवतो तो अजगराचा दात. तो तोंडाच्या आत, घशाकडे वळलेला असतो, म्हणून आपण इनकर्व्ड म्हणून मोकळे होतो, पण त्याचं वर्णन रिकर्व्ड असंच करतात, कारण तिथे दिशा मोजतात ती पुढून मागे. टोक घशाकडे असल्यामुळे भक्ष्याने सुटायला बाहेर ओढलं की दात अजूनच रुततो.