नोत्र दामच्या दारावरचं लोखंड आणि आपलं रॉट आयर्नचं गेट

पॅरिसच्या नोत्र दामच्या पश्चिमेकडच्या दारांवर ज्या लोखंडी बिजागऱ्या आहेत ना, त्या एकदा झूम करून बघाच, अख्ख्या दारभर वेली, फांद्या, पानं पसरलीत. बाजूच्या दारांवरच्या मध्ययुगातल्या आहेत, आणि त्या बिस्कोर्ने नावाच्या लोहाराने सैतानाची मदत घेऊन केल्या अशी दंतकथा आहे, कारण इतक्या पट्ट्या एकमेकींना जोडल्या कशा तेच लोकांना कळेना.

सगळी गंमत त्या लोखंडातच आहे. ते रॉट आयर्न, म्हणजे घडीव लोखंड. त्यात कार्बन अगदी नावाला, साधारण 0.1 टक्क्याच्या आत, पण मळीचे (लोखंड काढताना उरणाऱ्या काचेसारख्या गाळाचे, म्हणजे स्लॅगचे) बारीक धागे मात्र असतात. दोन तुकडे पांढरेफटक तापवून एकावर एक ठेवले आणि घण घातला की वितळलेली मळी वरचा पापुद्रा घेऊन बाहेर उडते आणि लोखंड लोखंडाला धरतं. वेल्डिंग रॉड वगैरे काही लागत नाही.

आधी हे लोखंड छोट्या भट्टीत, न वितळवताच काढायचे. मग 1784 मध्ये इंग्लंडच्या हेन्री कॉर्टने पडलिंगचं पेटंट घेतलं. कोळसा वेगळ्या कप्प्यात, बिडावरून (बीड म्हणजे भरपूर कार्बन असलेलं ठिसूळ लोखंड) फक्त ज्वाळा जाणार, आणि कामगार लांब सळईने ते वितळलेलं बीड ढवळत राहणार. बीड साधारण 1150-1200 अंशांना वितळतं पण शुद्ध लोखंडाला 1538 लागतात, त्यामुळे कार्बन जळत गेला की त्याच भट्टीतला रस घट्ट व्हायला लागतो, सळई जड होते, आणि त्या अंदाजावरच माणूस ठरवायचा की आता गोळे करायचे. मला तर हेच सगळ्यात थोर वाटतं, मोजायला यंत्र नाही, सगळं हाताला कळायचं! मग गोळ्यावर घण घालून मळी पिळायची, पट्ट्या लाटायच्या, कापून थप्पी करून तापवून परत लाटायच्या. मळीचे धागे होतात ते इथे. आयफेल टॉवर पण अशाच लोखंडाचा.

1856 नंतर हेन्री बेसेमर या इंग्रज संशोधकाच्या पद्धतीने स्टील स्वस्त झालं आणि हे मागे पडलं, असं लोखंड करणारा इंग्लंडमधल्या बोल्टनचा शेवटचा कारखाना 1973 मध्ये बंद झाला. आज आपल्याकडे फॅब्रिकेटर रॉट आयर्न म्हणून जे दार देतो ते बहुतेक वेळा एमएसच (माइल्ड स्टील, साधं कमी कार्बनचं पोलाद) असतं, मशीनवर वाकवून इलेक्ट्रिक वेल्डिंग केलेलं. मजबुतीला चांगलंच आहे ते, फक्त वस्तू वेगळी.

जुन्या वाड्याची गजाची सळई हाताशी असेल तर अर्धी कापून थंडच वाकवा, अस्सल असेल तर चिरलेल्या बांबूसारखे रेशे दिसतात, एमएसमध्ये तसे रेशे नसतात.