धार लावायचा वस्तरा की ब्लेड बदलायचा?

ऑनलाइन दुकानात ‘वस्तरा’ शोधला, की एकाच पानावर दोनशे रुपयांचाही दिसतो आणि दहा हजारांच्या पुढचाही. फोटोत दोन्ही सारखेच: मुठीत मिटणारं पातं आणि मागे वळलेली शेपटी. हौसेनं पारंपरिक दाढीकडे वळणारे बरेच जण इथेच गोंधळतात आणि एक समजून दुसरंच घरी आणतात. स्वस्तातला खराब आणि महागातला चांगला, असा हा फरक नाही. ही दोन वेगळी हत्यारं आहेत, त्यांना हात वेगळा लागतो आणि त्यांची देखभालही वेगळी.

पहिला म्हणजे अखंड पोलादी पात्याचा वस्तरा. त्याची धार आपणच राखायची. नीट सांभाळला तर तो पुढच्या पिढीलाही पुरतो. दुसऱ्याला स्वतःची धार नसतेच. पात्याच्या जागी खाच असते, तिच्यात ब्लेड सरकवायचं आणि बोथट झालं की फेकायचं. दुकानदार त्याला शेव्हेट म्हणतात. सलूनमध्ये हल्ली दिसतो तो हाच.

ओळखायचा तर पाठीकडे बघा. अखंड पात्याची पाठ जाड असते आणि तिथून धारेपर्यंत दोन्ही बाजू आत पोखरत नेलेल्या असतात. वर्णनात पात्याची रुंदी ५/८ किंवा ६/८ अशी, म्हणजे इंचाच्या अष्टमांशांत दिलेली असते. ‘सोबत दहा ब्लेड मोफत’ असं कुठे लिहिलेलं दिसलं, तर तो शेव्हेट, बाकी काही तपासायची गरज नाही.

ती जाड पाठ निव्वळ मजबुतीसाठी नसते. दगडावर धार लावताना पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकवून घासायची असतात, म्हणजे कोन आपोआप राखला जातो. पाठ किती जाड आणि पातं किती रुंद यावर तो कोन कारखान्यातच ठरून आलेला असतो. दगडाचा नंबर जितका मोठा, तितका तो बारीक. १००० नंबरच्या दगडावर धारेची बैठक, म्हणजे धारेलगतचा दोन्ही बाजूंचा उतार, बसवायची, मग चढत्या नंबरांनी ८०००पर्यंत जायचं. पुष्कळजण १२०००वर शेवटचा हात फिरवतात. हे काम रोजचं नाही, काही महिन्यांनी एकदा येतं. रोजचं काम म्हणजे चामड्याच्या पट्ट्यावर परजणं. पट्टा ताणून धरायचा, पातं सपाट टेकवायचं आणि पाठ पुढे, धार मागे अशा दिशेनं ओढत न्यायचं. टोकाला पोचल्यावर पातं पाठीवर उलटायचं, धारेवर कधीच नाही. इथे घाई केली, तर पट्टा कापला जातो आणि धारही दुमडते. तीस-चाळीस फेऱ्या सावकाश झाल्या की दाढीला बसायचं.

हे सगळं करायची ज्याला मनापासून आवड आहे, त्यानंच अखंड पात्याकडे वळावं. सकाळी लोकल गाठायची असेल तर ही फुरसत कुठून मिळणार? शिवाय कार्बन पोलाद गंजतं. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ओलं पातं मिटून न्हाणीघरात ठेवलं, की लवकरच धारेवर तांबूस ठिपके येतात. म्हणून दाढी झाल्यावर पातं कोरडं पुसायचं, मशीनच्या तेलाचा थेंब बोटानं फिरवायचा आणि वस्तरा न्हाणीघराबाहेर ठेवायचा.

खरा फरक मात्र गालावर कळतो. अखंड पातं आपल्या वजनावर चालतं. फेस नीट झालेला असेल आणि साधारण तीस अंशांचा कोन साधला, तर हातानं जोर लावावा लागत नाही. टोक गोल असलेलं पातं घेतलं, तर नाकाखाली आणि कानाजवळही ते बरंच सांभाळून घेतं. शेव्हेटमधलं ब्लेड जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचं, कारखान्यातून कमालीचं तीक्ष्ण होऊन आलेलं, आणि त्याला धरणारा धातूही बहुधा हलका. वजनाचा आधार नसल्यामुळे नवखा माणूस नकळत दाबतो, आणि दाबलं की रक्त आलंच. त्यात शेव्हेटमध्ये दुधारी ब्लेड मधोमध तोडून अर्धंच बसवतात, आणि त्या अर्ध्या ब्लेडचे दोन्ही कोपरे टोकदार. बहुतेक ओरखडे त्या कोपऱ्यांनीच येतात, म्हणून कोपरे झाकणारी खाच असलेला शेव्हेट घेणं चांगलं.

‘आधी शेव्हेटवर हात बसवा, मग वस्तरा घ्या’ हा सल्ला सगळीकडे दिला जातो. मला तो पटत नाही. दोघांत शेव्हेट जास्त निष्ठुर आहे, आणि त्यानं चार वेळा कापून घेतलेला माणूस वस्तऱ्याचं नावच टाकतो. हात शिकवायला अखंड पातं बरं. दोन्हींना लागणारी एक सवय मात्र सारखी आहे: रिकाम्या हातानं कातडी ताणून धरायची. फेसानं बोटं घसरतात, तेव्हा बोटांची टोकं ओल्या तुरटीवर घासून घ्यावीत, पकड लगेच येते. तुरटी घरात असतेच, पण तिचा हा उपयोग फार कमी लोकांना ठाऊक असतो.

मग सलूनवाल्यांनी शेव्हेट का धरला? एकच पातं एका गालावरून दुसऱ्याच्या गालावर जाणं धोक्याचं असतं. हिपॅटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात, त्याला न दिसणारा ओरखडाही पुरतो; एचआयव्हीची धास्ती आल्यावर गिऱ्हाईकंही नवं ब्लेड मागू लागली. किंग जिलेट यांना १९०४ साली अमेरिकेत ज्या रेझरचं पेटंट मिळालं, त्याच घराण्यातलं दुधारी ब्लेड इथे कामाला आलं. कारागीर ते कागदासकट मधोमध दुमडतो, कट्कन दोन तुकडे होतात, एक तुमच्यासाठी आणि दुसरा पुढच्या गिऱ्हाईकासाठी. तो तुकडा तुमच्यासमोर बसवला जातोय ना, हे बघायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. दुसऱ्याची दाढी करायची असेल, मग ती घरातल्या आजारी माणसाची का असेना, तर शेव्हेटच वापरावा आणि ब्लेड दर वेळी नवं.

खरेदीतला सगळ्यात मोठा धोका तिसऱ्याच वस्तूचा आहे: सात-आठशे रुपयांत मिळणारा, अखंड पात्याचा दिसणारा चकचकीत वस्तरा. त्याचं पोलाद बहुधा धार धरत नाही, पाठ सरळ नसते, त्यामुळे दगडावर तो नीट टेकतच नाही. तेवढेच पैसे असतील तर चांगला शेव्हेट घ्या. अखंड पातंच हवं असेल, तर जर्मनीतल्या सोलिंगेनचा घ्या. कायद्यानं ते नाव तिथेच बनलेल्या पात्यांना लावता येतं. फ्रान्समधल्या तिएरचे वस्तरेही नावाजलेले आहेत. घरात आजोबांचा जुना पडलेला असेल, तर आधी तो उजेडात धरा. पाठीवरचा गंज निघतो; धारेला तडा गेला असेल, तर मात्र तो वस्तरा आठवण म्हणून ठेवायचा. नवा घेतानाही दाढीपुरती धार लावून देणार का, हे विक्रेत्याला विचारा, कारण कारखान्याची धार बऱ्याचदा तेवढी नसते. आणि वस्तऱ्यासोबतच पट्टाही मागवा. दगड नंतर घेतले तरी चालतात, पट्ट्याविना वस्तरा चारसहा दाढ्यांत ओढू लागतो.