ब्लूबेरीच्या कुंडीसाठी कोकोपीट की पीट मॉस?

कोकोपीट आणि पीट मॉस ही दोन्ही माध्यमे तपकिरी, हलकी आणि पाणी धरून ठेवणारी असल्यामुळे रोपवाटिकेत नुसते ‘पीट’ मागितले, तर हातात बहुधा कोकोपीटच पडते. मिरचीच्या कुंडीत या अदलाबदलीने फारसे बिघडत नाही. ब्लूबेरीला मात्र ४.५ ते ५.५ सामूचे (पीएच; आकडा जितका कमी तितके माध्यम आम्लधर्मी) आम्लधर्मी माध्यम लागते. फ्रेडरिक कोव्हिल या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१० साली आपल्या प्रयोगांतून ही गरज दाखवून दिली, तेव्हा कुठे रानात वेचले जाणारे हे फळ लागवडीखाली येऊ शकले.

पीट मॉस म्हणजे कॅनडा, लाटव्हिया अशा थंड देशांतील दलदलीत स्फॅग्नम शेवाळ अर्धवट कुजून हजारो वर्षांत साचलेला थर. त्याचा सामू मुळातच साधारण ३.५ ते ४.५ असतो. कोकोपीट हा नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरणारा भुसा असून त्याचा सामू बहुधा ५.५ ते ६.५, म्हणजे ब्लूबेरीच्या मर्यादेच्या काठावर किंवा त्याबाहेर असतो. शिवाय त्यात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात. कोकोपीटची दाबलेली वीट भिजवल्यावर निथळणारे पाणी कोऱ्या चहासारखे गडद दिसते. ते फिके होईपर्यंत दोन-तीनदा धुतल्याखेरीज ब्लूबेरीची केसासारखी बारीक, मूलरोम नसलेली मुळे त्यात घालू नयेत.

पाण्याच्या बाबतीत उलटे आहे. कोकोपीट वाळले तरी पुन्हा सहज भिजते. पीट मॉस एकदा कोरडे पडले की पाणी झिडकारते. वरून ओतलेले पाणी कुंडीच्या कडेने उतरून तळाच्या भोकातून बाहेर येते, पाणी पोचले असे वाटते, आणि मधला गोळा मात्र कोरडाच राहतो. अशा वेळी कुंडी पाण्याच्या टबात अर्धा-एक तास बुडवून ठेवण्यावाचून इलाज नाही.

पीटच्या पिशवीतही एक मेख आहे. रोपांसाठी तयार केलेल्या पीट मिश्रणात अनेकदा चुना मिसळून सामू साडेपाच-सहाच्या आसपास आणलेला असतो, त्यामुळे पिशवीवरचा सामू वाचल्याशिवाय जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

तरीही केवळ कोकोपीट हाताशी आहे म्हणून ब्लूबेरीचा नाद सोडावा, असे मला वाटत नाही. परदेशांतील अनेक व्यावसायिक बागाही कुंड्यांत नारळाचा भुसा वापरतात. फरक इतकाच, की तिथे आम्ल माध्यमातून नव्हे तर पाण्यातून दिले जाते. घरी हेच काम साठवलेले पावसाचे पाणी, किंवा थोडे लिंबूसत्त्व घालून सामूपट्टीवर तपासलेले नळाचे पाणी करू शकते; नत्रासाठी अमोनियम सल्फेट अगदी अल्प प्रमाणात द्यावे. बोअरवेलचे जड पाणी रोज घातले, तर पीट मॉसची आम्लताही हळूहळू संपते. कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागल्या, तर सामू वाढल्याने झाडाला लोह मिळत नसल्याची शक्यता अधिक. त्यावर शेणखत घालणे हा उपाय नव्हे. आधी सामू मोजावा आणि पाणी बदलावे. भुकटी गंधकाचाही उपयोग होतो, पण जिवाणूंमार्फत त्याचे आम्ल होण्यास काही आठवडे ते महिने लागतात.